विकराच्या आकड्यासोबत ओलाव्याची वेळ हवी

सह्याद्रीतील शैवाके ओळखण्याचे काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या शिष्यांनी निष्ठेने उभे केले. जाती कळल्या, पण त्यांचा नत्राचा व्यवहार आपण अजून थंड देशांतल्या पेल्टिजेरा या शैवाकावरूनच शिकवतो.

तो धडा मोलाचा आहेच. अमरनाथ राय, रॉवेल आणि स्टुअर्ट यांनी 1980 च्या सुमारास डंडी येथे त्यावर काम केले. शैवाकात बुरशीसोबत राहणाऱ्या नॉस्टॉक या नीलहरित जीवाणूमधील नायट्रोजनेज हे विकर हवेतील नत्राचा अमोनिया करते. एकटा वाढणारा नॉस्टॉक तो ग्लुटामाइन सिंथेटेजच्या साह्याने स्वतःच पचवतो. शैवाकात मात्र ग्लुटामाइन सिंथेटेजची क्रिया खूप मंदावते. अमोनिया बाहेर झिरपतो आणि बुरशी तो ग्लुटामेट डिहायड्रोजनेजने उचलते. नॉस्टॉकमध्ये अमोनिया फारसा पचत नाही, त्यामुळे नायट्रोजनेजला थांबण्याचा इशाराही मिळत नाही.

आपल्याकडे हे कितपत लागू पडते? महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 5,500 मिलिमीटर पाऊस, जतला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. मध्ये कृष्णाकाठचा ऊस आणि त्याला घातलेल्या युरियातून उडणारा अमोनिया. जांभूळ-अंजनीच्या खोडांवरचे लेप्टोजियम आणि उसाच्या बांधावरचे शैवाक यांच्या विकरांची तुलना सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी करायची नाही, तर कोणी?

विकरे मोजताना दोन पथ्ये मात्र पाळावीत. वाळलेले शैवाक भिजले की आधी श्वसन सुरू होते, मग प्रकाशसंश्लेषण. नायट्रोजनेज पूर्ववत व्हायला कित्येक तास लागू शकतात. नुकता भिजवलेला तुकडा आणि रात्रभर पावसात राहिलेला तुकडा एकाच रकान्यात बसवता येत नाहीत. दुसरे, नमुना वाटताना शैवाकातील फिनॉले विकरांना चिकटून त्यांना निकामी करतात. बफरमध्ये फिनॉले बांधून ठेवणारे पीव्हीपी नसेल, तर आलेले शून्य शैवाकाचे की खलबत्त्याचे, हे सांगता येणार नाही.

ग्लुटामाइन सिंथेटेज आणि नायट्रेट रिडक्टेज मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. नायट्रोजनेजसाठी अॅसिटिलीन चाचणी करायची, तर गॅस क्रोमॅटोग्राफ लागेल. तो असलेल्या विभागांनी शेजाऱ्यांना दार उघडावे. नमुने वनखात्याच्या परवानगीने आणि चिमूटभरच घ्यावेत, कारण शैवाक फार सावकाश वाढते.

भिजल्यापासूनचा वेळ, प्रकाश आणि तापमान यांची नोंद नसलेले विकरांचे आकडे पुढील अंकापासून या मासिकात छापले जाणार नाहीत.