भाकर आणि लस

मुलांनो, वर्ध्याच्या उन्हाळ्यात पारा कधी कधी ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी तुम्ही गल्लीतल्या पिल्लासाठी सावलीत पाणी ठेवता, भाकर टाकता. छान! पण माझ्या मते तेवढे पुरेसे नाही. पिल्लू ३ महिन्यांचे झाले, की मोठ्यांबरोबर त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्या आणि रेबीजची लस टोचून घ्या. लुई पाश्चर यांनी १८८५ साली माणसाला ही लस प्रथम दिली. तरी आजही काही लोक कुत्रा चावला, की जखमेत मिरची भरतात! जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून रागावतील या भीतीने घरी लपवू नका. पिल्लाचा दात नुसता लागला, तरी सांगा.