आपला ‘अ’ ऋण कसा झाला?



मराठी व इंग्रजी नावांची एकच यादी लावायची, तर आधी ‘अ’ की इंग्रजी ‘ए’? संगणक अक्षरे नव्हे, आकडे ताडून पाहतो. यूटीएफ-8 पद्धतीत मोठ्या लिपीतील ‘ए’ म्हणजे 65. आपला ‘अ’ तीन बाइटांचा, पहिला बाइट 224. पण जावा भाषेत बाइट -128 ते 127 एवढाच, म्हणून तोच 224 तिथे -32 होतो!

जावा 9 मध्ये (2017) बाइटांच्या दोन रांगा ताडण्याची दोन फंक्शने आली. दोन्ही पहिला वेगळा आकडा पाहून निकाल देतात. ‘कंपेअर’ ऋण चिन्ह मानते, तेव्हा ‘अ’ आधी. ‘कंपेअर-अनसाइन्ड’ मानत नाही, तेव्हा ‘ए’ आधी. दोन्ही नियमाने बरोबरच. कोणता नियम हवा, हे माणसाने ठरवायचे.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की संगणकाच्या तासाला फंक्शनांची नावे पाठ करवून भागणार नाही. मुलांनी असे आकडे आधी वहीत मांडावेत, मग कळफलकाला हात लावावा. पालकांनी घरी ‘किती गुण?’ बरोबर ‘असे का?’ हेही विचारावे. विश्वस्तांनी नव्या यंत्रांइतकाच या वहीच्या तासालाही वेळ द्यावा, ही नम्र विनंती.