एका गिरणीची तीन घरे

ठाण्यात १९२५ साली उभी राहिलेली रेमंडची गिरणी २००९ साली बंद पडली. पुढे २०२४ साली वस्त्रव्यवसाय आणि २०२५ साली गृहबांधणी विभक्त होऊन मूळ कंपनीकडे अभियांत्रिकी उरली. कापडाचा नफा विक्रीवर, इमारतींचा जमिनीच्या भावावर. दोहोंचा हिशेब एकत्र राहिला की भांडवलदाराला कशाचेच खरे मोल कळत नाही. व्यवहारदृष्ट्या ही वाटणी योग्यच, असे आम्ही मानतो. भागधारकास एका भागामागे गृहबांधणी कंपनीचा एक भाग मिळाला. परंतु गिरणीच्या त्या जमिनीस भाव चढला तो कामगारांनी वसविलेल्या ठाण्यामुळे! त्यांचा भाग कोणता? नव्या मनोऱ्यांना पाणी व रस्ते महानगरपालिकेनेच पुरवावयाचे आहेत. परवानगी देतानाच तिने त्यांचा पुरता खर्च वसूल करावा, असा आमचा आग्रह आहे.