पटावरची माणसे कुठे गेली?

'पार्क्स' हा २०१९ साली आलेला अमेरिकन खेळ देखणा आहे, हे आम्ही आधीच मान्य करतो. आपली प्यादी चार ऋतूंच्या पायवाटेने चालतात. ऊन, पाणी, झाडी, डोंगर यांच्या सोंगट्या गोळा होतात आणि त्या मोजून एकेक राष्ट्रीय उद्यान 'पाहिले' की गुण पदरात पडतात. लाकडी प्राणी आहेत, कॅमेरा आहे, पाण्याच्या बाटल्यांना तर स्वतंत्र पत्ते आहेत. तिथले रहिवासी तेवढे खेळात नाहीत.

योसेमिटीची दरी रिकामी सापडली नव्हती, ती रिकामी केली गेली. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियनने आवानीची या आदिवासी समूहाची गावे जाळली, ओकच्या फळांचे साठेही जाळले. राष्ट्रीय उद्यान झाले १८९० मध्ये. पुढे तिथेच मोलमजुरी करून राहिलेल्यांची उरलीसुरली घरे १९६९ मध्ये नष्ट करण्यात आली. तोवर माणूस चंद्रावर पोचला होता, किंवा पोचण्याच्या बेतात होता!

'खेळच तर आहे, मुलांना निसर्गाची गोडी लागते,' हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ते पुरत नाही. आपल्या मोक्षपटात साप पापांचे होते, शिड्या पुण्याच्या. ज्यातून 'मोनोपॉली' निघाला, तो एलिझाबेथ मॅगी यांचा १९०४ च्या पेटंटचा खेळ जमीनदारीवरची टीकाच होती. पटाला बोलता येते. एखाद्या पत्त्यावर या लोकांविषयी ओळ छापलेली असली, तरी ती वाचली नाही म्हणून कोणाचा डाव अडत नाही.