तंबोरा आणि नादारी

गाणे शिकवणाऱ्या माणसाने कायद्याच्या गोष्टी बोलू नयेत, असे कुणी म्हटले तर त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. तरीही आज मी एका कायद्याच्या प्राध्यापकाविषयी आणि त्याच्या विषयाविषयी लिहिणार आहे. त्यांचे एक जुने पुस्तक योग्य वेळी योग्य माणसाने उघडले असते, तर आमच्या घरचा मिरजेचा तंबोरा कदाचित आमच्या घरीच राहिला असता.

माझे वडील कोल्हापूर दरबारचे गवई. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. दरबार गेला, पण दरबारची रीत त्यांच्या अंगातून गेली नाही. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. मला आठवतात ते शिकवण्यांवर घर चालवणारे, आणि तरीही दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणारे वडील. एका स्नेह्याच्या दुकानाच्या कर्जाला ते जामीन राहिले. सही करताना त्यांनी कागद वाचला नाही. स्नेह्याचा कागद वाचून पाहणे त्यांना असभ्यपणाचे वाटले. पुढे दुकान बुडाले, स्नेही गाव सोडून गेला आणि तगादा आमच्या ओसरीवर येऊन बसला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

‘बुवा, नादारीचा अर्ज करा,’ असे कुणीसे सुचवले. वडील एक शब्द न बोलता आत निघून गेले. दरबारच्या गवयाच्या नावामागे ‘दिवाळखोर’ लागावे, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. आठ दिवसांत तंबोऱ्यांच्या जोडीतला एक विकला गेला. ज्या वकिलांकडे प्रकरण दिले होते, त्यांनी फीची बाकी चुकती होईपर्यंत आमचे कागद अडकवून ठेवले. ते सोडवायला आईच्या पाटल्या गेल्या.

गेली वीस वर्षे मी धारवाडात शिकवतो. माळमड्डीत एका निवृत्त वकिलांच्या नातीची शिकवणी आहे. एकदा ती यायला उशीर झाला म्हणून मी त्यांच्या कपाटातली पुस्तके न्याहाळत बसलो. त्यांत सर दिनशा मुल्ला यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या नादारीच्या कायद्यावरचा ग्रंथ होता.

मुल्लांचे नाव वकिलांच्या घरांत नवे नाही. १८६८ मध्ये जन्मलेले हे मुंबईचे पारशी गृहस्थ आधी सॉलिसिटर होते, मग बॅरिस्टरांच्या बरोबरीने कोर्टात उभे राहिले, आणि मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली. दिवाणी व्यवहारसंहितेवरचे त्यांचे भाष्य आजही कोर्टात उघडले जाते, आणि नवशिक्या वकिलाला त्या संहितेची वाट दाखवण्यासाठी त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले. कलकत्ता विद्यापीठाच्या १९२९ च्या टागोर व्याख्यानमालेसाठी त्यांनी विषय घेतला तो नादारीचा; त्या व्याख्यानांचा ग्रंथ १९३० मध्ये निघाला. त्याच वर्षी ते प्रिव्ही कौन्सिलवर गेले आणि १९३४ मध्ये वारले. एवढ्या मोठ्या विद्वानाने बुडालेल्या माणसाचा कायदा हा आपल्या व्याख्यानांचा विषय करावा, याचे मला फार नवल वाटले.

निवृत्त वकीलसाहेबांनी मला तो कायदा सोप्या भाषेत सांगितला. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा कायदा होता. बाकीच्या मुलखासाठी, म्हणजे धारवाडसारख्या जिल्ह्यांसाठी, १९२० चा. कर्ज पाचशे रुपये झाले की कर्जदाराला स्वतःच अर्ज करता येई. त्याची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाऊन सावकारांत वाटली जाई. पण दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमाने जी जप्तीतून वगळली आहे ती नव्हे. त्या कलमात काय काय आहे पाहा: अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा दागिना, आणि कारागिराची हत्यारे.

कारागिराची हत्यारे! गवयाचा तंबोरा त्यांत बसतो की नाही, यावर विद्वानांनी वाद घालावा. पण वाद व्हायला आधी कुणी तरी कोर्टाची पायरी चढावी लागते. माझ्या वडिलांनी ती चढली नाही. जी वस्तू कदाचित कायद्याने राखली असती, ती त्यांनी अब्रूपायी आपल्या हातांनी विकली.

यावर कुणी म्हणेल, हा तर कर्ज बुडवण्याचा परवानाच झाला. तसे नाही. नादार माणसाला सारी मिळकत उघड करावी लागते. दडवली तर शिक्षा आहे. आदल्या दिवशी मेहुण्याच्या नावे केलेले घर कोर्ट परत ओढू शकते. ऋणमुक्तीचा हुकूमही आपोआप मिळत नाही. तो मागावा लागतो, कोर्ट तो नाकारू शकते किंवा त्याला अटी घालू शकते. आणि इथेच खरी मेख आहे. ठरलेल्या मुदतीत ऋणमुक्तीचा अर्ज केला नाही, तर आधीचा नादारीचा हुकूमच रद्द व्हायचा. म्हणजे पहिली पायरी चढलेला माणूस दुसरी ठाऊक नसल्यामुळे पुन्हा सावकाराच्या दारात!

ही दुसरी पायरी दाखवणार कोण? वकील. पण ज्याच्यापाशी पैसा नाही हेच ज्याचे प्रकरण, त्याने वकिलाची फी द्यावी कुठून? म्हणून मला वाटते, नादारीचा अभ्यास आणि वकिलीच्या धंद्याचा अभ्यास हे दोन विषय नव्हेत. तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या असतात. पण एक उतरली की दुसरीचा सूर ऐकून काय उपयोग?

आपल्याकडे या दोन्ही तारांना अधूनमधून हात लागला आहे. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात वकीलवर्ग आणि कायद्याचे शिक्षण यांचा परामर्श घेतला. १९६१ मध्ये ॲडव्होकेट्स ॲक्ट झाला. निकालावर अवलंबून फी ठरवू नये, वसुलीत वाटा मागू नये, हा बार कौन्सिलचा नियम आहे. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद वकिलाला अडकवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले. माझ्या आईच्या पाटल्यांना तो निकाल बारा वर्षे उशिरा आला. नादारीचे कायदे नव्याने करावेत असे आयोगाने १९६४ च्या सव्विसाव्या अहवालात सुचवले होते. नवी संहिता आली २०१६ मध्ये. कंपन्यांचे प्रकरण तिने लगेच हाती घेतले. व्यक्तींचा भाग मात्र डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच. छोट्या दुकानदाराचा नंबर त्या रांगेत मागेच राहिला.

अमेरिकेत तेरेसा सलिव्हन, एलिझाबेथ वॉरन आणि जे वेस्टब्रुक या तिघा प्राध्यापकांनी कोर्टांतली दिवाळखोरीची दप्तरे उघडून एकेक प्रकरण वाचून काढले. १९८९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. दिवाळखोर म्हणजे लबाड, ही समजूत त्या दप्तरांत टिकली नाही. तिथे भेटली ती शेजारच्या घरात असावीत अशी साधी नोकरदार माणसे. मला हे काम फार मोलाचे वाटते. रागाचे लक्षण पुस्तकात असते, पण राग कळतो तो बैठकीत. कायद्याचेही तसेच असावे.

असे काम हुबळी-धारवाडात का होऊ नये? हुबळीला २००९ पासून राज्याचे कायद्याचे विद्यापीठ आहे. धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ २००८ मध्ये आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. विद्यार्थी आहेत, वकील आहेत, कोर्टाची दप्तरे आहेत. एखाद्या प्राध्यापकाने आयुष्याची वीस वर्षे या एकाच विषयाला द्यावीत: इथला कर्जदार कोर्टापर्यंत पोचतो का, पोचला तर त्याला वकील मिळतो का, आणि कोर्टातून बाहेर पडताना त्याच्या हाती काय उरते. गाण्यात आम्ही एका रागाला वीस वर्षे देणाऱ्याला वेडा म्हणत नाही, बुवा म्हणतो.

आता दोन शब्द आपल्या जुन्या घरांना. पूर्वी दिवाळे निघालेला व्यापारी दुकानात भरदिवसा दिवा लावी आणि त्यावरून तो शब्द आला, असे सांगतात. म्हणजे बुडालो हे उघड सांगण्याची रीत आपलीच आहे. लपवण्याची रीत आपण मागाहून शिकलो. व्याज मुद्दलापेक्षा वाढू न देणारा दामदुपटीचा नियमही आपल्याच धर्मशास्त्राचा. आणि कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांकडे पाहा. गांधर्व महाविद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली. पण त्यांना दिवाळखोर म्हणायची आज कुणाची छाती आहे? इमारत गेली, विद्या राहिली, नाव राहिले.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीने शिकवणी अचानक बंद केली. चौकशी केली तेव्हा कळले, तिचे वडील भावाच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि पेटी विकायला काढली होती. मी त्यांना माळमड्डीच्या वकीलसाहेबांकडे घेऊन गेलो. वाटेत त्यांनी तीनदा विचारले, ‘मास्तर, हे बाहेर कुणाला कळणार नाही ना?’ पुढे काय होईल ते कोर्ट पाहील. पेटी अजून घरात आहे, आणि मुलगी दर मंगळवारी भूपाची उजळणी करायला येते.

माझ्या वडिलांना मात्र असे कुणी हाताला धरून नेले नाही. त्यांच्या जोडीतला उरलेला तंबोरा माझ्यापाशी आहे. रोज पहाटे तो लावताना दुसऱ्याची जागा रिकामी दिसते.