दुरून सुरू होणारी मोटार



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आजवर पापडखारापासून पाण्याच्या बंबापर्यंत अनेक विषयांनी हजेरी लावली आहे. परंतु मोटारीवरून घरात उठलेला वाद मिटवून द्यावा, अशी मागणी प्रथमच आली आहे. पत्र इंदूरच्या एका भगिनींचे आहे. त्यांचे चिरंजीव कॅनडातील विनिपेग शहरी नोकरीस असतात. त्यांनी नुकतीच संकरित, म्हणजे पेट्रोल आणि वीज अशा दोहोंवर चालणारी मोटार घेतली. घरात आठ महिन्यांचे मूल. सूनबाईंचे म्हणणे असे की, घरात बसल्या जागी कळ दाबून गाडी सुरू करणारे ‘रिमोट स्टार्टर’ हे उपकरण बसवून घ्यावे, म्हणजे बाळ गारठणार नाही. चिरंजिवांचे म्हणणे असे की, इंधन वाचावे म्हणून अशी गाडी घ्यायची आणि मग ती दारात उभी ठेवून पेट्रोल जाळायचे, हा कोणता व्यवहार? ‘मी डिसेंबरात तिकडे जात आहे, जाऊन कोणाची बाजू घेऊ?’ असे भगिनी विचारतात. पत्राच्या अखेरीस त्यांनी जाता जाता लिहिले आहे की, गाडी घराला लागूनच असलेल्या बंदिस्त मोटारघरात उभी असते. हे शेवटचे वाक्य नसते, तर उत्तर देण्याची इतकी घाई मी केली नसती.

प्रथम हे उपकरण आले कोठून, ते पाहू. विनिपेगमध्ये जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली उतरतो. काचेवर हिमाचा थर बसतो आणि सुकाणूचक्राला हात लावण्याची सोय उरत नाही. अशा प्रदेशात निघण्यापूर्वी दहा मिनिटे घरातूनच गाडी सुरू करून ठेवता यावी, ही इच्छा चैनीची म्हणता येणार नाही. जुन्या गाड्यांना तर ते आवश्यकच असे. त्यांच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे आणि थंडीत ते नीट जमत नसे. आता इंधन मोजून फवारणारी व्यवस्था आल्यापासून इंजिनासाठी म्हणून दीर्घकाळ थांबण्याचे कारण उरलेले नाही. अर्धा मिनिट थांबून सावकाश चालवू लागावे, हेच त्याला मानवते. उभ्या गाडीचे इंजिन संथ चालते, त्यामुळे उष्णताही थोडीच निर्माण करते. चालत्या गाडीचे त्याहून लवकर तापते. म्हणजे उपकरण आज जे ऊबदार करते ते मुख्यतः माणसांना, यंत्राला नव्हे.

आता संकरित मोटारीकडे वळू. या जातीची पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली गाडी टोयोटा प्रियस ही १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये बाजारात आली. अशा गाडीत ‘सुरू करणे’ या शब्दाचा अर्थच पालटतो. आपण कळ दाबतो तेव्हा इंजिन धडधडू लागेलच असे नाही. गाडी केवळ ‘सिद्ध’ होते. इंजिन केव्हा चालवायचे आणि केव्हा थांबवायचे, हे गाडीतील गणकयंत्र ठरवते. बॅटरी उतरली, जास्त जोर हवा असला किंवा उष्णता हवी असली, की ते इंजिनाला हाक मारते; एरवी झोपू देते. गाडी सिग्नलपाशी उभी राहिली की इंजिन बंद होते, यातच तिच्या काटकसरीचे बरेचसे रहस्य आहे. तेव्हा चिरंजिवांचा आक्षेप निराधार नाही. उभ्याने इंजिन न जाळणे हा जिचा मूळ स्वभाव, तिला मुद्दाम उभ्याने जाळायला लावणे विसंगतच होय.

परंतु उष्णता आणि गारवा यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे. बहुतेक संकरित गाड्यांत आतील हवा गरम करण्यासाठी इंजिनातील तापलेले पाणी वापरतात. म्हणून कडाक्याच्या थंडीत दुरून गाडी सुरू केली, की इंजिन चालणारच. पाणी पुरेसे तापले म्हणजे ते थांबते आणि निवू लागले की पुन्हा चालते. साध्या गाडीचे इंजिन उभ्या जागी तासाला सुमारे अर्ध्यापासून एक लिटरपर्यंत पेट्रोल पिते. रोज दहा मिनिटे आणि महिन्याचे २५ दिवस धरले, तर ही उधळपट्टी दोन ते चार लिटरांची होते. संकरित गाडीत इंजिन मधूनमधून विसावत असल्याने खर्च थोडा कमी होईल, इतकेच.

तसेही थंडी या गाड्यांना महागच पडते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे, तापमान २५ अंशांवरून शून्याखाली ७ अंशांवर गेले, तर शहरातील प्रवासात साध्या गाडीची धाव एका लिटरमागे सुमारे १५ टक्क्यांनी घटते. संकरित गाडीची मात्र ३० टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते. म्हणूनच २००४ सालच्या अमेरिकी प्रियसमध्ये एक मौजेची सोय केलेली होती. इंजिनातील गरम पाणी एका निर्वात टाकीत भरून ठेवीत. आपण प्रवासात चहासाठी थर्मास नेतो, तसाच हा गाडीचा थर्मास. त्यात पाणी तीन दिवसांपर्यंत गरम राहत असे आणि पुढच्या वेळी इंजिनाला ती ऊब आयती मिळे.

उन्हाळ्यात पारडे नेमके उलटते. संकरित गाडीतील वातानुकूलन यंत्राचा दाबक बहुधा विजेवर चालतो. त्यामुळे बॅटरीत शिल्लक आहे तोवर इंजिन न जाळता गाडी गार करता येते. २००९ मध्ये आलेल्या प्रियसच्या नव्या आवृत्तीत, किल्लीवरील कळ दाबून केवळ बॅटरीच्या जोरावर सुमारे तीन मिनिटे गारवा देण्याची सोय काही गाड्यांना होती. आपल्याकडेही २०२२ पासून अशा गाड्यांची निवड वाढली आहे. नागपूरच्या किंवा कोट्याच्या उन्हात बाहेर ३५ अंश असले, तरी बंद गाडीतील हवा तासाभरात ५० अंशांपलीकडे जाऊ शकते. तेथे ही सोय उपयोगाची खरी. तथापि आधी दोन्ही बाजूंच्या काचा उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग यंत्र लावावे. याला दमडीही पडत नाही. आणि गाडी गार आहे म्हणून मुलाला तिच्यात एकटे ठेवून ‘दोन मिनिटांत येते’ म्हणणे, हे मात्र कोणत्याही ऋतूत करू नये.

मग सूनबाई चुकल्या काय? तसे नव्हे. त्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे, जो कदाचित त्यांनी स्वतः मांडलेला नसेल. लहान मुलाला गाडीतील खास आसनात पट्ट्यांनी बांधताना अंगात जाड, फुगीर कोट असू नये, असे तज्ज्ञ बजावतात. धक्का बसला की कोट दबतो, पट्टे सैल पडतात आणि मूल त्यांतून निसटू शकते. पातळ कपड्यांचे एकदोन थर घालून, पट्टे घट्ट आवळून, वरून पांघरूण घालावे ही रीत सुरक्षित. गाडी आधीच ऊबदार असेल, तर हे सहज साधते. शिवाय काच स्वच्छ दिसल्यावाचून गाडी हाकणे धोक्याचे. तेव्हा हिवाळ्यातील पाचसात मिनिटांची ऊब ही उधळपट्टी न मानता संसारखर्चात धरावी. मोठ्या माणसांनी मात्र आसन आणि सुकाणूचक्र तापवणाऱ्या विजेच्या सोयीवर भागवावे. सगळी गाडी तापवण्याच्या मानाने तिला वीज फारच थोडी लागते. त्या प्रांतात रात्री इंजिनाला विजेची तार जोडून ते कोमट ठेवण्याची पद्धतही आहे; तिचा लाभ घ्यावा.

उपकरण घ्यायचेच, तर गाडीबरोबर कारखान्यातून आलेले किंवा त्याच उत्पादकाने मान्य केलेले घ्यावे. बाहेरचे उपकरण बसवताना चोरीप्रतिबंधक यंत्रणेला बगल द्यावी लागते आणि संकरित गाडीच्या गुंतागुंतीच्या तारांत हात घालावा लागतो. त्यातून काही बिघडले, तर हमीपत्राचा आधार राहीलच असे नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे. भगिनींनो आणि बंधूंनो, घराला लागून असलेल्या मोटारघरात गाडी दुरून सुरू करणे म्हणजे शयनगृहाच्या भिंतीपलीकडे शेगडी धुमसत ठेवणे होय. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो दोनशे पटींहून अधिक ओढीने बळकावतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. माणूस थकवा समजून पडून राहतो आणि पुन्हा उठत नाही. मोटारघराचे दार उघडे ठेवले तरी धोका पुरता टळत नाही. संकरित गाडीत तर तो अधिक फसवा असतो. ती सुरू असूनही निःशब्द उभी राहते, मालक ती बंदच आहे असे समजून झोपी जातो आणि बॅटरी उतरताच इंजिन आपोआप चालू होते. किल्लीवाचून चालणाऱ्या गाड्यांमुळे अमेरिकेत अशा रीतीने माणसे दगावली आहेत. गाडी ठराविक वेळानंतर स्वतः बंद व्हावी, यासाठी नियम करण्याचा आदेश तेथील २०२१ च्या कायद्यात आहे. आपल्या शहरांतील इमारतींच्या तळघरांनाही हीच सावधगिरी लागू आहे.

तेव्हा, इंदूरच्या भगिनी, आपण कोणाचीच बाजू घेऊ नये. दोघांकडून तीन वचने मात्र घ्यावीत. दुरून सुरू करायची ती गाडी मोकळ्या अंगणातच उभी असावी. हिमवर्षावानंतर धुराचे नळकांडे बर्फाने बुजलेले नाही, हे जाऊन पाहिल्याखेरीज कळ दाबू नये. आणि या वायूची सूचना देणारी घंटा झोपण्याच्या खोल्यांपाशी लावलेली असावी. एवढे झाले, की सूनबाईंना त्यांची कळ मिळू द्या आणि चिरंजिवांना मिनिटे मोजू द्या. नातवासाठी लोकरीची टोपी विणून नेणार असालच. तिला पेट्रोल लागत नाही.