गळ आणि मर्यादा

कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गांवीं वाढलेल्या मुलास समुद्र म्हणजे नकाशांतील निळा रंग. आमच्या शिवारास पाणी मिळतें तें नीरेच्या डाव्या कालव्याचें. नीरा नरसिंहपुरापाशीं भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. पश्चिम समुद्र अंतरानें आम्हांस अधिक जवळ खरा, पण आमचें पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून वाहतें. म्हणून गेल्या हिंवाळ्यांत आम्ही मुलांस घेऊन मालवणास गेलों आणि दिवसाच्या भाड्यानें एक यांत्रिक होडी ठरवून खोल समुद्रांत गळानें मासे धरावयास निघालों, तेव्हां मुलांइतकेंच कुतूहल आम्हांसही होतें. त्या एका दिवसानें मनांत जो विचार उभा केला तो वाचकांपुढें मांडावा, इतकाच या लेखाचा हेतु.

आमचा शोध होता कुप्याचा. यासच कोठें कोठें गेदर म्हणतात. इंग्रजींत या साऱ्या कुळास ट्यूना असें नांव आहे. यांतील आल्बाकोर हा बाजूच्या लांब परांचा व फिकट मांसाचा मासा मोकळ्या महासागरांत फिरणारा. किनाऱ्यालगत त्याची गांठ पडावयाची नाहीं. परंतु कुळाचे गुण सर्वांत सारखेच. पोहतांना उघड्या तोंडावाटे आंत येणारें पाणी कल्ल्यांवरून जातें, त्यावरच यांचा श्वास चालतो; त्यामुळें जन्मभर त्यांस थांबणें ठाऊक नाहीं. त्यांच्या स्नायूंची ऊब भोंवतालच्या पाण्याहून अधिक असते, म्हणून वेगही विलक्षण.

पहांटे सिंधुदुर्गाचा तट मागें पडला. आमिष लावलेल्या दोऱ्या होडीमागें सोडल्या होत्या. दूर एके ठिकाणीं समुद्रपक्षी पाण्यावर झडप घालीत होते. तिकडे बोट दाखवून तांडेलानें सुकाणूं वळविलें, आणि थोड्याच वेळांत एक दोरी ताणली. मासा वर येईपर्यंत आमच्या हातांची सालपटें निघालीं. मुलांचा आनंद गगनांत मावेना. दुसऱ्या खेपेस मात्र आलें तें वीतभर पिल्लूं. “तेंही ठेवा,” असा मुलांनीं गलका केला. तांडेलानें कांहीं न बोलतां गळ सोडविला, पिल्लूं पाण्यांत सोडलें, आणि मग म्हणाला, “ह्याका वाढांदे. फुडच्या वर्सा भेटतलो.”

आमच्यांतील एका गृहस्थांस हें रुचलें नाहीं. पैसे भरले आहेत, तेव्हां जें मिळेल तें आपलें, असें त्यांचें म्हणणें. आम्हांस वाटतें, चूक नेमकी येथेंच आहे. आम्ही भाडें दिलें तें होडीचें, समुद्राचें नव्हे.

ही गोष्ट इतरांसही पूर्वीं उमगली होती. कॅलिफोर्नियाजवळील कॅटालिना बेटावर मासळीची बेसुमार नासाडी पाहून चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनीं 1898 सालीं ट्यूना क्लब स्थापिला आणि हलक्या काठीनें व बारीक दोरीनेंच मासा धरावा, असा सभासदांस नियम घातला. पुढें 1903 च्या सुमारास तेथील सॅन पेड्रो बंदरांत आल्बाकोर डब्यांत भरण्याचा धंदा सुरू झाला व त्यांतून मोठा व्यापार वाढला. एकाच समुद्रावर एकानें आपला हात आंखडला, दुसऱ्यानें पसरला.

आपल्याकडेही नियम नाहींत असें नाहीं. महाराष्ट्रांत 1981 पासून सागरी मासेमारीचा कायदा आहे. पावसाळ्यांत 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांस समुद्र बंद असतो. पर्ससीन जाळ्यांवर 2016 मध्यें निर्बंध आले. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्यास 2017 मध्यें बंदी झाली. परंतु प्रत्येक होडींत शिपाई बसवितां येत नाहीं. तेथें तांडेलाचा हातच कायदा होय.

कोणी म्हणेल, कीं मौजेखातर मासा धरणें हीच मुळीं क्रूरता. या आक्षेपांत तथ्य आहे. तासभर झुंजवून दमविलेला मासा सोडला तरी जगेलच असें नाहीं. म्हणून सोडावयाचा तो तत्काळ सोडावा, आणि घरीं खाण्यापुरते मिळाले कीं दोऱ्या गुंडाळाव्या. आम्हीं तिसऱ्या कुप्यानंतर त्या गुंडाळल्या. दिवस अर्धाच सरला होता. मुलें हिरमुसलीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

आतां घराकडे पाहूं. इंदापूर तालुक्यांत उजनीचा विस्तीर्ण जलाशय आहे. त्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, आणि बारीक आसाच्या जाळ्यांनीं मत्स्यबीजच उचललें जातें, अशी तेथील मच्छीमारांचीच तक्रार आहे. आमच्या गांवचीं मुलें कालव्यांत जुन्या मच्छरदाणीचें कापड धरून बोटभर पिल्लें काढतात आणि खेळून झाल्यावर काठावर टाकून देतात. हें आम्हीं अनेकदां पाहिलें, आणि मालवणास जाईपर्यंत एकदांही त्यांस हटकलें नाहीं, याची आज लाज वाटते.

विद्यार्थीमित्रहो, गळ जरूर टाका; पाणी व वारा ओळखावयास शिका. परंतु निघण्यापूर्वीं किती मासे घ्यावयाचे तो आंकडा वडील मंडळींसमक्ष घरींच ठरवा, आणि पालकांनींही तो पाळून दाखवावा. होडींत बसल्यावर ठरविलेला आंकडा नेहमीं वाढतच जातो.